पहिलं रिमोट हेलिकॉप्टर: दोन पंख्यांचं की एका पंख्याचं?

शिकायला दोन पंख्यांचं, म्हणजे कोअ‍ॅक्सियलच घ्या. वरचा आणि खालचा पंखा उलट दिशांना फिरतो, त्यामुळे बॉडी गरगरत नाही. वरचा फ्लायबार, म्हणजे टोकांना वजन असलेला आडवा दांडा, तोल सावरतो. रिमोटवरची दिशेची स्टिक सोडली तरी ते बरंचसं जागेवर तरंगतं. मात्र ३ चॅनेलचं (रिमोटवरून तीन हालचालींचं नियंत्रण असलेलं) मॉडेल डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त वळतं, आणि घरातल्या छताच्या पंख्याच्या वाऱ्यानंही भरकटतं. म्हणून बंद खोलीतच उडवा.

एका पंख्याचं ४ चॅनेल, ६ अ‍ॅक्सिस जायरोवालं (तोल सांभाळणारा सेन्सर असलेलं) हेलिकॉप्टर चपळ असतं, आडवंही सरकतं. पण नाक तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटतं, आणि नवशिके नेमके तिथेच आपटतात. पहिले काही दिवस शेपटी कायम स्वतःकडे ठेवा.

दोन्हींत एक चूक महागात पडते: पातं अडकलं तरी थ्रॉटल, म्हणजे पंख्याचा वेग वाढवणारी स्टिक, चालू ठेवणं. गिअरचे दात झिजतात, मोटर जळते. आपटतंय असं वाटताच थ्रॉटल शून्यावर आणा. जमिनीलगत स्वतःच्याच वाऱ्याने ते डुचमळतं. म्हणून उडवताना थेट १ मीटरवर न्या. कोअ‍ॅक्सियलची वरची-खालची पाती वेगळी असतात, बदलताना खुणा जुळवा. बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा.