कोल्हापूर–हैदराबाद विमान: सांगलीकरांच्या हिशोबाने

उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते शमशाबाद (हैदराबादचा विमानतळ) हे हवाई अंतर साधारण ४४५ किलोमीटर. नेटवरची अंतर मोजणारी पानं ते जेटच्या वेगाने भागतात आणि जेमतेम ३५ मिनिटं दाखवतात. या मार्गावर इंडिगोचं एटीआर ७२ धावतं, ७८ सीटचं, पंख्याचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसतं अंतर कापायलाच ५०-५५ मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, शमशाबादला रांगेत थांबणं आणि शेवटी चाकांना अडसर लागेपर्यंतचा वेळ मिळवा. सव्वा तास धरावा. तिकिटावरची वेळ अशीच जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते.

खरा वेळ जमिनीवर जातो. सांगलीतून अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत उजळाईवाडी सुमारे ५० किलोमीटर. सव्वा तासात होतं, पण सांगली फाट्यावर आणि पुढे तावडे हॉटेलपाशी गाडी अडकते, म्हणून दोन तास हाताशी ठेवा. सामानाचं काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. तिथे गयावया चालत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल आटोपशीर आहे, आत फार चालावं लागत नाही. घरापासून हैदराबाद शहरात पोचेपर्यंत सहा तास सरळ जातात. सोलापूर, उमरगा, जहीराबादमार्गे गाडीने नऊ-दहा तास लागतात. रात्रीची स्लीपर त्याहून वेळ घेते, पण दिवस वाचवते.

विमानात मागच्या दाराने चढायचं. सामानाची खोली पुढे असल्यामुळे पुढच्या सीटवाल्यांना उतरायला उशीर होतो. पंख्याच्या रेषेतल्या रांगांत घरघर आणि थरथर जास्त, मागे बरंच शांत. सीट दोन-दोनच्या, मधली सीट नाहीच. पंख वर असल्याने खिडकीतून खालची शेतं मोकळी दिसतात. डोक्यावरचे कप्पे मात्र लहान. सात किलोच्या आतली चाकांची बॅगसुद्धा कधीकधी दारात काढून घेतात. पाहुण्यांसाठी भडंगाचे पुडे नेणार असाल तर मऊ पिशवीत भरा, कप्प्यात कोंबता येतात. सुकं खोबरं बॅगेत टाकू नका. तेलामुळे आपोआप पेटण्याचा धोका धरून ते काढून ठेवतात. पॉवर बँक काउंटरला दिलेल्या बॅगेत राहिली तर बॅग उघडायला परत बोलावतात.

गच्चीबावली, हायटेक सिटीत नोकरी असणाऱ्यांसाठी ही सेवा चोख, कारण शमशाबादहून बाहेरच्या रिंगरोडने शहरात न शिरता तिकडे जाता येतं. हळदीच्या कामाला निजामाबादला जाणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र परवडत नाही. विमानतळ हैदराबादच्या दक्षिणेला, निजामाबाद उत्तरेला. उतरल्यावर आणखी दोनशे किलोमीटर राहतात. त्यापेक्षा गाडी बरी.

वेळापत्रक मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस बदलतं. त्यापलीकडचं तिकीट आधीच काढलं असेल तर वेळ पुन्हा तपासा.

जुलै-ऑगस्टमध्ये वेगळीच गोम आहे. आपण पंचगंगेच्या अलीकडे, विमानतळ पलीकडे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली फाट्याजवळच्या शिरोलीपाशी महामार्गच बंद पडला होता, आणि इचलकरंजीकडचे रस्तेही त्याच नदीचे. पाणी चढायला लागलं की विमान वेळेवर आहे का हे विचारण्याआधी शिरोलीचा रस्ता सुरू आहे का ते विचारा, आणि त्या दोन महिन्यांत तारीख बदलता येणारंच तिकीट काढा.