१०एक्स भिंग आठ महिने वापरल्यावर: सह्याद्रीतला "काळा दगड" एकच नाहीये

ऑक्टोबरात घेतलं होतं, आता जून लागला, म्हणजे आठ महिने झाले. घडी घालून स्टीलच्या कव्हरात जाणारं छोटं भिंग, १०एक्स, तीन काचा एकत्र चिकटवलेलं (ट्रिपलेट म्हणतात ते), व्यास २१ मिलिमीटर. सोनारांकडे असतं तसंच. त्याआधी एलईडी लाइटवालं "६०एक्स" मागवलं होतं ऑनलाइन, त्यात कडेला सगळं निळंपिवळं दिसायचं आणि दगडाचा एवढासा तुकडा दिसायचा की आपण कुठे बघतोय तेच कळायचं नाही, ते परत केलं. दगडांसाठी १०एक्स पुरतं, खरंच पुरतं, २०एक्सच्या मागे लागू नका.

मी पंधरा वर्षं ट्रेक करतेय आणि इतकी वर्षं माझ्यासाठी कातळ म्हणजे कातळ, काळा, पावसात घसरडा, बस. शाळेत अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित असे तीन प्रकार पाठ केले होते आणि महाराष्ट्रात बेसॉल्ट असं लिहून मार्क मिळवले होते. भिंग हातात आल्यावर कळलं की अग्निजन्य दगडाला नाव द्यायचं तर आधी दोनच गोष्टी बघायच्या, कण केवढे आहेत आणि कण कशाचे आहेत. कण केवढे ह्यावरून दगड कुठे थंड झाला ते कळतं, आणि कशाचे ह्यावरून शिलारस कोणत्या जातीचा होता ते.

वापरायची पद्धत आधी सांगते कारण पहिला महिना मी चुकीचंच करत होते. भिंग दगडावर धरून वरून बघायचं नाही. भिंग डोळ्याला अगदी टेकवून धरायचं, चष्मा असेल तर चष्म्याला, आणि दगड उचलून जवळ आणायचा, साधारण इंचभर अंतरावर एकदम स्पष्ट होतो. उजेड दगडावर पडला पाहिजे. आणि दगडाचा ताजा फुटलेला भाग बघायचा, वरची तपकिरी साल बघून काही कळत नाही. (किल्ल्यावर, लेण्यांत दगड फोडायचा नाही म्हणजे नाही. घाटात रस्त्याच्या कामात फुटलेले ढीग पडलेले असतात, तेवढे पुरतात.)

पहिला खरा धडा घरातच मिळाला, आत्याच्या ओट्यावर. तिचा ओटा काळा ग्रॅनाइट, त्यात सोनेरी ठिपके चमकतात तो, दुकानात ब्लॅक गॅलेक्सी म्हणतात, आंध्रात ओंगोलजवळ चिमकुर्तीला निघतो. मी भिंग लावून अर्धा तास क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) शोधत होते, ग्रॅनाइट म्हटलं की क्वार्ट्झ पाहिजेच, आणि सापडेना. मग वाचल्यावर कळलं की बाजारात पॉलिश होणाऱ्या कुठल्याही कडक दगडाला ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्रात हा गॅब्रोच्या घराण्यातला दगड आहे आणि ते सोनेरी ठिपके म्हणजे पायरॉक्सीन नावाच्या खनिजाचे कण. गॅब्रो म्हणजे बेसॉल्टचाच सख्खा भाऊ, शिलारस त्याच जातीचा, फक्त बेसॉल्ट जमिनीवर येऊन पटकन गोठला म्हणून त्याचे कण दिसत नाहीत आणि गॅब्रो खोल खाली सावकाश गोठला म्हणून कण वाढायला वेळ मिळाला. कणांच्या आकारात ह्या दोघांच्या मधला तो डोलेराइट, बऱ्याच डाइकमध्ये असतो तो, धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारख्या लांबच लांब डोंगररांगा दिसतात ना शेतांतून, त्या डाइक, भेगांत शिरून गोठलेला शिलारस, आजूबाजूचा दगड झिजला आणि ह्या उभ्या राहिल्या. आणि आत्याचा जुना कडप्पा होता तो तर अग्निजन्यही नाही, चुनखडक, म्हणून लिंबू सांडलं की डाग पडायचा.

डिसेंबरात हंपीला गेलो तेव्हा खरा ग्रॅनाइट भिंगाखाली बघितला आणि मी तिथे त्या धोंड्यांपाशी किती वेळ बसले होते मलाच माहीत. राखाडी काचेसारखे, वेडेवाकडे फुटणारे कण म्हणजे क्वार्ट्झ. गुलाबी किंवा पांढरे, सपाट पृष्ठभाग असलेले, दगड हळूहळू फिरवला की एकदम आरशासारखे चमकणारे ते फेल्डस्पार. काळ्या पापुद्र्यांसारखा बायोटाइट अभ्रक. हे तीन ओळखता आले की अर्धं काम झालं. तिथला दगड साधारण अडीचशे कोटी वर्षांचा, काही किलोमीटर खोल गोठलेला, वरचं सगळं झिजून गेलं म्हणून आज आपण त्याच्यावर बसून फोटो काढतो. आपला सह्याद्री त्याच्यापुढे अगदी कालचा, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा.

ग्रॅनाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास, बेसॉल्टमध्ये पन्नासच्या आसपास. ह्या फरकाचे परिणाम मात्र डोंगरभर दिसतात. सिलिका कमी म्हणून बेसॉल्टचा लाव्हा पातळ, धिरड्याच्या पिठासारखा पसरत जातो, थरावर थर, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, आणि ह्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात त्यातला ट्रॅप हा शब्दही पायरीच्या स्वीडिश शब्दावरूनच आलाय. सिलिका जास्त असलेला लाव्हा घट्ट, तो लांब जात नाही.

आणि एक गैरसमज मला स्वतःला होता तो लिहिते, की जमिनीखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्र आहे आणि भोक पडलं की वर येतो. तसं नाहीये. खालचं प्रावरण घन दगडच आहे, गरम आहे पण दाबामुळे वितळत नाही. कुकरमध्ये दाब असताना पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही पाणीच राहतं ना, तसंच काहीसं. हा गरम दगड अतिशय सावकाश वर सरकतो, दाब कमी होतो आणि त्यातला थोडासा भाग वितळतो, तो शिलारस. आपल्याकडचा एवढा सगळा लाव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ आजच्या रियुनियन बेटाखालच्या उष्ण झोताशी जोडतात, भारत तेव्हा त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत होता.

आता मुख्य मुद्दा, सह्याद्रीत हे भिंग काय दाखवतं. साधा कडक काळा बेसॉल्ट भिंगाखाली निराशा करतो हे आधीच सांगते, बारीक दाणेदार काळं दिसतं, मध्ये कुठे हिरवट किंवा तांबूस झालेला ऑलिव्हिन खनिजाचा कण. पण कसारा घाटाच्या वरच्या अंगाला, इगतपुरीकडे, जो जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट आहे तो एकदा बघाच. काळ्या दगडात पांढरट फेल्डस्पारच्या पट्ट्या, काही काही तर बोटाच्या पेराएवढ्या, साध्या डोळ्यांनाही दिसतात, पण भिंग लावून दगड फिरवला की त्या स्फटिकावर रेषा दिसतात, बारीक, एकमेकींना समांतर, वहीवर आखल्यासारख्या. ती प्लॅजिओक्लेजची, म्हणजे ह्या जातीच्या फेल्डस्पारची खूण. मला त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा अंगावर काटा आला होता. मोठे स्फटिक आणि भोवती बारीक दगड, म्हणजे ह्या शिलारसाच्या दोन पाळ्या झाल्या, आधी खाली कुठेतरी साठून राहिला, तिथे सावकाश स्फटिक वाढले, आणि मग ते स्फटिक पोटात घेऊन वर आला आणि झटकन गोठला. दगड बघून हे सांगता येतं!

जुन्नरकडे माझे मामा विहिरींची कामं घेतात, त्यांना भिंग दाखवायला गेले तर त्यांच्याकडे ह्या सगळ्याची नावं आधीच होती. विहिरीच्या ढिगातला एक ठिपक्याठिपक्यांचा दगड मी उचलला तर मामा म्हणाले, "अगं हा मांजऱ्या, हा लवकर सुटतो, खाली काळा लागला की मग सुरुंग." मांजऱ्या म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे राहून गेलेला दगड, त्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरत गेली. भिंगाखाली एकेक पोकळी म्हणजे छोटी गुहाच, आत सुयांसारखे नाहीतर मोत्यासारख्या चमकेचे स्फटिक. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळं खनिज कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांतलं, जगभरचे संग्राहक त्याच्यामागे असतात आणि पुण्यात वाढून मला तो माहीतही नव्हता. मामांनी भिंग घेतलं आणि मग बराच वेळ परत दिलं नाही :) त्यांना मी आता दुसरं आणून दिलंय.

मनोरी-गोराईला पण जाऊन आले. तिथला दगड फिका, रायोलाइट आणि ट्रॅकाइट, म्हणजे मुंबईतच बेसॉल्टच्या पलीकडचा लाव्हा आहे. रायोलाइट म्हणजे ग्रॅनाइटच्याच जातीचा, पण वर येऊन गोठलेला. बेसॉल्ट-गॅब्रो आणि रायोलाइट-ग्रॅनाइट ह्या दोन जोड्या हातात घेऊन बघितल्या की वर्गीकरणाचा तक्ता पाठ करावा लागत नाही.

भिंगाच्या मर्यादा. बारीक बेसॉल्टचं नक्की नाव ह्याने लागत नाही, त्यासाठी दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, किंवा रासायनिक तपासणी. पायरॉक्सीन की हॉर्नब्लेंड ह्या दोन गडद खनिजांत मी अजूनही अडकते, पायरॉक्सीनच्या फुटीचे कोन जवळजवळ काटकोनी आणि हॉर्नब्लेंडचे साधारण १२० आणि ६० अंशांचे, हे माहीत असून कण लहान असला की दिसत नाही.

बाकी वस्तू म्हणून चांगली टिकलीय. कव्हराचा स्क्रू तिसऱ्या महिन्यात ढिला झाला, चष्म्याच्या पेचकसने आवळला, त्यानंतर त्रास नाही. काच शर्टाला पुसू नका, दगडाची धूळ असते, चरे पडतात, आधी फुंकर मग मऊ कापड. आणि गळ्यात दोरी घालूनच वापरा, माझं एकदा माळशेजला हातातून सुटून कठड्याशी गेलं होतं, दोरी नसती तर हा रिव्ह्यू दोन महिन्यांचाच झाला असता.