पेपर पब्लिश करून देणारी सर्व्हिस: भाषा चकाचक, बाटली नंबर ४ गायब

दोन स्टार देतेय. एक फॉरमॅटिंगला, आणि दुसरा सपोर्टवरच्या त्या मुलीला जी रात्री साडेअकरालापण रिप्लाय देत होती. बाकी कशालाच नाही.

कंपनीचं नाव घेत नाही कारण अशा सर्व्हिस ढिगाने आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचं पॅकेज तेच असतं. भाषा सुधारणार, सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग) दहा टक्क्यांच्या खाली आणणार, जर्नल सुचवणार, रिव्ह्यूअरच्या कमेंटना उत्तरंपण तेच लिहिणार, म्हणजे प्रयोग सोडून सगळं. तसं प्रयोगाचंही विचारलं होतं, 'डेटामध्ये हेल्प हवी असेल तर सांगा मॅम' असा मेसेज आलेला, मी तो न वाचल्यासारखं केलं. तिथेच उठायला हवं होतं, चुकलंच.

घेतली का, तर आमच्याकडे थिसिसच्या आधी दोन पेपर लागतात, एक झालेला आणि दुसरा 'इंग्रजी सुधारा' म्हणून दोनदा परत आलेला. मला इंग्रजी वाचता येतं, लिहिताना मात्र वाक्य चालता चालता बसतं.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग पाण्यात घ्यायचा, त्यात कोळसा टाकायचा, आणि रंग किती कमी झाला ते मोजायचं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या मशीनवर, ६६४ नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं, रीडिंग खाली आलं की रंग कोळशाला चिकटला असं धरायचं. या विषयावर इतके पेपर आहेत की अमुक झाडाचा कोळसा आणि तमुक रंग अशा जोड्या लावत बसलं तर जन्म पुरणार नाही. माझा त्यातलाच एक, उगाच मोठेपणा नाही. पाणी अल्कलाइन घेतलं होतं आणि कोळशाच्या पाच बॅच केल्या होत्या, दर वेळी तोच रिझल्ट येतो हे दाखवायला.

चार नंबरची बॅच केली त्या दिवशी फर्नेस (भट्टी) मध्येच बंद पडली, कोळसा अर्धाकच्चा राहिला. तो टाकलेल्या बाटलीत रंग सगळ्यात लवकर गेला. आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडून थोडं पाणी काढलं तर ते परत निळं! तीनदा केलं, दोनदा तसंच झालं. मी पेपरात सरळ लिहिलं की बाटली चारमध्ये रंग परत येतो, का ते आम्हाला कळलेलं नाही. माझे गाईड सर म्हणाले, "राहू दे, कोण वाचतंय."

दहा दिवसांत फाईल आली. पहिल्या पानावर बरं वाटलं, वाक्यं एकदम गुळगुळीत. दुसऱ्या पानावर 'ॲक्टिव्हेटेड कार्बन'चा, म्हणजे माझ्या कोळशाचा, 'एनॅक्टेड कार्बन' झालेला, म्हणजे सभागृहात बहुमताने मंजूर झालेला कोळसा. हे कुठून येतं ते माहितीय का? सिमिलॅरिटी कमी करायला मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात, त्याला अर्थाशी देणंघेणं नसतं, शब्द वेगळा दिसला की काम झालं. २०२१ मध्ये तीन संशोधकांनी असले शब्द गोळा करून दाखवले होते, त्यात आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि ब्रेस्ट कॅन्सरचं 'बुझम पेरिल' झालेलं, आणि हे छापून आलेल्या पेपरांत! मी तेव्हा हसले होते. आता माझ्याच नावाखाली.

रेफरन्स चौदा वाढवलेले, त्यातले नऊ माझ्या विषयाचे नाहीतच. शुद्ध खोगीरभरती. हेही दुरुस्त करून घेतलं असतं.

पण बाटली चारचं वाक्य नव्हतं. वाटलं चुकून उडालं असेल म्हणून टेबल बघितलं, तर तिथे चारच ओळी, आणि पाच नंबरची बाटली आता चार नंबरची झालेली. ॲव्हरेज आणि एरर त्याप्रमाणे नवीन काढलेले, अर्थातच आधीपेक्षा देखणे. बाजूला कमेंट होती, 'निगेटिव्ह वाक्य आणि आउटलायर (बाकीच्यांशी न जुळणारा आकडा) काढला आहे, ॲक्सेप्टन्सचे चान्स वाढतील.'

आता इथे मी काहीतरी थोर केलं असं वाचायची तयारी करू नका. मी कोळसा सुधारला, रेफरन्स कमी केले, आणि टेबल तसंच पाठवलं. डेडलाइन होती. रिव्ह्यू एका आठवड्यात आला, सगळा मिळून तीन ओळींचा: काम चांगलं आहे, भाषा तपासा, खालचे पाच पेपर रेफरन्समध्ये घाला. भाषा तपासा!! कोणी विचारलं नाही की रिझल्ट रिपीट होतो हे चारच बॅचवर का सांगताय.

त्या रात्री मला आनंद व्हायला हवा होता आणि मी नुसती फॅनकडे बघत पडले होते. तीन वर्षं लॅबमध्ये मी काय केलं याचा हिशोब केला तर बहुतेक वेळ पाट्याच टाकल्या, बाटल्या धुवा, रीडिंग घ्या, ग्राफ काढा. खरा विचार केला तो एका बाटलीबद्दल, 'हे असं का' म्हणून. तेवढं एक वाक्य माझं होतं, आणि सर्व्हिसला नेमकं तेच निगेटिव्ह वाटलं. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज नोबेल मिळालं त्या वर्षी, २०१३ मध्ये, म्हणाले होते की आजच्या काळात मला नोकरी मिळाली नसती, पुरेसा 'प्रॉडक्टिव्ह' धरला नसता. माझी तुलना नाही हो त्यांच्याशी. पण मोजायचं काय हे एकदा चुकलं की माणसं तेच पिकवतात जे मोजलं जातं. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांच्या वर पेपर मागे घेतले गेले, एका वर्षात. त्या सगळ्यांनाही कोणीतरी 'काम चांगलं आहे' म्हटलंच असेल.

मग आमची ज्युनिअर एकदा माझी लॅब नोटबुक चाळत होती. म्हणाली, "ताई, ही ती ब्लू बॉटल तर नाही?"

शाळेत दाखवतात तो प्रयोग. मिथिलीन ब्लू, ग्लुकोज आणि अल्कली एका बाटलीत, ठेवून दिलं की रंग जातो, हलवलं की हवेतला ऑक्सिजन मिसळून परत निळं. रंग कुठे जात नाही, फक्त बिनरंगी रूपात लपतो. माझं पाणी अल्कलाइन, कोळसा अर्धाकच्चा, त्यातून साखरेसारखं काहीतरी पाण्यात उतरत असेल तर? मग बाटली चारमध्ये रंग कोळशाने धरलाच नसेल, नुसता लपला असेल, आणि मशीनला दोन्ही सारखंच दिसतं, रीडिंग खाली. आणि हे खरं असेल तर बाकीच्या चार बाटल्यांचं काय? कोळशाने नव्वद टक्क्यांच्या वर रंग काढला हा माझा आकडाच डगमगतो ना. म्हणजे अख्ख्या पेपरात बघण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती आउटलायर म्हणून गेली. मीच जाऊ दिली.

पेपर विथड्रॉ केला. सर्व्हिसला कळवलं तर रिफंड नाही, पुढच्या पेपरला डिस्काउंट कूपन. सपोर्टवाली मुलगी मात्र म्हणाली, "मॅम, कारण काय लिहू?" तिला सगळं सांगितलं, बाटली वगैरे. बराच वेळ टायपिंग दिसत होतं, मग आलं, 'इंटरेस्टिंग आहे मॅम.' म्हणून तो दुसरा स्टार.

ज्यांना फक्त मार्जिन आणि रेफरन्सची स्टाईल लावून हवीय त्यांनी घ्या, ते खरंच नीट करतात. टेबल मात्र त्यांच्या हातात देऊ नका, आणि फाईल परत आली की आधी ओळी मोजा.

मागच्या आठवड्यात मुद्दाम फर्नेस अर्ध्यात बंद करून कोळसा परत केला. आज सकाळी बाटली बिनरंगी होती, वरती जिथे पाण्याला हवा लागते तिथे मात्र एक फिकट निळी रेघ. झाकण न काढता हलवली तर सगळी निळी झाली. सरांना जाऊन सांगितलं, ते कुठलातरी फॉर्म भरत होते, तो तसाच टाकून चष्मा शोधत उठले आणि म्हणाले, "थांब, मी येईपर्यंत परत हलवू नकोस."