बाझलच्या बँकेचे डेटा पोर्टल: एका देशाचे कर्ज दुसऱ्याच्या वहीत

३० सप्टेंबर २००८ रोजी आयर्लंड सरकारने आपल्या सहा बँकांच्या सुमारे ४४,००० कोटी युरोंच्या देण्यांना हमी दिली. ही रक्कम देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होती. २०१० च्या अखेरीस त्याच सरकारला ८,५०० कोटी युरोंची मदत-योजना स्वीकारावी लागली आणि युरोत नसलेल्या ब्रिटनने त्यासाठी सुमारे ३२५ कोटी पौंडांचे स्वतंत्र कर्ज दिले. ब्रिटनने पदरमोड का करावी, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी स्वित्झर्लंडमधील बाझल येथील ‘बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स’चे, म्हणजे मध्यवर्ती बँकांच्या बँकेचे, मोफत डेटा पोर्टल उघडतो.

कोणत्या देशाच्या बँकांची येणी कोणत्या देशात आहेत, हे येथे तिमाहीनुसार पाहता येते. आयर्लंडकडून येणे असलेल्यांत त्या काळी ब्रिटिश आणि जर्मन बँका आघाडीवर होत्या, हे तक्ता उघडताच लक्षात येते. डब्लिनचे सरकार कोसळले असते तर झळ लंडनला बसणार होती. या सेवेचे खरे बळ एकत्रित तक्त्यांत आहे. फ्रँकफर्टच्या बँकेच्या लंडन शाखेने डब्लिनला कर्ज दिले, तर ते येथे जर्मनीच्या खात्यात धरले जाते, कारण कर्ज बुडाल्यास तोटा मुख्यालयाला सोसावा लागतो. स्थाननिहाय तक्त्यात मात्र तेच कर्ज लंडनच्या नावावर दिसते. हा फरक न समजता आकडे उचलणारा हमखास फसतो, आणि नवख्याला तो समजावणारे साधे टिपण तक्त्याशेजारीच हवे होते, असे मला तळमळीने वाटते.

उणिवा आणखीही आहेत. तिमाही संपल्यावर आकडे हाती यायला काही महिने जातात, आणि संकटात एवढा अवधी फार मोठा ठरतो. परदेशी सरकारचे रोखे बाळगणारे विमा आणि निवृत्तिवेतन निधी येणेकऱ्यांत मोजलेले नाहीत. सर्वांत गंभीर बाब म्हणजे सरकारकडील आणि बँकांकडील येणी वेगवेगळ्या रकान्यांत असतात. अडचण आल्यास सरकार बँकेला तारेलच, या बाजाराच्या गृहीतकाला रकाना नाही. आयर्लंडमध्ये हे दोन रकाने एका रात्रीत एकाच जोखमीचे झाले होते. म्हणून वर्गात मी दोन्हींची बेरीज विद्यार्थ्यांकडूनच करून घेतो.