विंडोज ११ टाकल्यावर सोसायटी बिलिंग बंद पडलं त्याची गोष्ट, सहा महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, सॉफ्टवेअरचं नाव लिहिणार नाही, भांडण काढायचं नाहीये आणि पुढच्या महिन्यात त्याच सपोर्टवाल्यांना परत फोन करायची वेळ येणारच आहे. भांडुपला स्टेशनपासून जवळ एका गाळ्यात ऑफिस आहे आमचं, अकरा हाउसिंग सोसायट्यांचे हिशोब बघतो, मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, ऑडिटरला लागणारे कागद, सगळं एकाच सॉफ्टवेअरमधून निघतं. चार पीसी, त्यातला एक सर्व्हर, म्हणजे नावालाच सर्व्हर, दहाव्या जनरेशनच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा साधा डेस्कटॉप, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१९ (डेटाबेस सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) ची फुकटवाली एक्सप्रेस. तिला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे पण आमचा आठ वर्षांचा सगळा पसारा मिळून ३ जीबी पण होत नाही, त्यामुळे तो प्रश्न कधी आला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत टंगळमंगळ केली, मग भाऊबीज झाली आणि शनिवारी २५ तारखेला बसलोच. सर्व्हर आणि काउंटरचे दोन पीसी सरळ अपग्रेड झाले. चौथा सहाव्या जनरेशनचा, तो विंडोज ११ च्या यादीतच नाही, इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचाच लागतो आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून नवीन असेंबल करून आणला. संध्याकाळी सातला सगळीकडे नवीन वॉलपेपर, स्टार्ट मेन्यू मधोमध, मी खूश, घरी गेलो.

सोमवारी सकाळी ऑपरेटर ताईंचा फोन. "दादा, लॉगिनच होत नाहीये, सर्व्हर मिळत नाही म्हणतंय, आणि समोर दोन मेंबर चेक घेऊन उभे आहेत." म्हटलं हाताने पावत्या फाडा, येतोच. (या हाताच्या पावत्यांनी पुढे काय घोळ घातला ते सांगतो.)

सर्व्हरवर बघितलं तर एसक्यूएलची सर्व्हिस बंद. स्टार्ट करायला गेलं की दोन सेकंदात परत पडते. सपोर्टला लावला. तिकडचा मुलगा बोलायला चांगला, पण त्याच्याकडे औषध एकच. "सर, विंडोजचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारा आणि फ्रेश टाका." मी फॉरमॅट नाही मारला पण डेटाबेसच्या एमडीएफ आणि एलडीएफ (ज्यात सगळा डेटा असतो त्या) फाइल पेनड्राइव्हवर काढून एसक्यूएल उडवून परत टाकायला घेतलं, हा माझा मूर्खपणा, कारण सेटअप पार शेवटाला जाऊन अडकला, 'वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड', म्हणजे एसक्यूएल सुरूच होईना. परत केलं, परत तेच. सोमवार गेला.

मंगळवारी डोकं थंड ठेवून जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. एसक्यूएलच्या फोल्डरमध्ये लॉग नावाचं फोल्डर असतं, त्यात एररलॉग नावाची फाइल, साध्या नोटपॅडमध्ये उघडते. खाली गेलो तर एक ओळ, २५६ मिसअलाइन्ड लॉग आयओ झाले, म्हणजे डिस्कवरचं लिहिणं तिच्या मापात बसत नाहीये, आणि पुढे मास्टर डेटाबेसच्या फाइलचं नाव. या एका ओळीवरून अर्ध्या तासात उत्तर सापडलं, मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रात हा प्रकार नीट लिहून ठेवलाय.

भानगड अशी आहे. डिस्क विंडोजला सांगते की माझा सेक्टर, म्हणजे एका वेळी लिहायचा सगळ्यात छोटा तुकडा, एवढा मोठा आहे. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ बाइट किंवा ४ केबी एवढेच दोन आकार चालतात. एनव्हीएमई प्रकारच्या काही नवीन वेगवान एसएसडी डिस्क त्याहून मोठा आकडा सांगतात, आणि विंडोज ११ चे स्टोरेज ड्रायव्हर तो आकडा जसाच्या तसा पुढे पाठवतात, म्हणून तीच डिस्क, तेच एसक्यूएल, विंडोज १० वर वर्षानुवर्षं चाललं आणि ११ वर सुरूच होईना. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएसयूटिल या विंडोजच्याच कमांडने सेक्टर इन्फो काढली, माझ्याकडे फिजिकल बाइट्स पर सेक्टरच्या दोन्ही ओळींत १६३८४. म्हणजे ४०९६ च्या चौपट. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) स्टोर-एनव्हीएमई ड्रायव्हरच्या पॅरामीटर्सखाली डिव्हाइस आहे, तिथे 'फोर्स्ड फिजिकल सेक्टर साइझ इन बाइट्स' नावाची मल्टी-स्ट्रिंग व्हॅल्यू टाकायची, आत स्टार, एक स्पेस आणि ४०९५. हो, ४०९५, ४०९६ नाही, मी पण तीनदा वाचलं. रीस्टार्ट केलं, परत एफएसयूटिल, आता ४०९६, सेटअप एका दमात पार पडला, डेटाबेस जोडला, मेंबरांची नावं दिसली तेव्हा ताईंनी चहा मागवला.

आणि विचार करा, फॉरमॅट मारलं असतं तर? डिस्क तीच, विंडोज ११ तेच, परत तिथेच येऊन अडकलो असतो, वर सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकायचं काम. विंडोज १० वर परत जायचा रस्ता होता, पण तो बाय डिफॉल्ट १० दिवसच उघडा असतो आणि आज ना उद्या ११ वर यायचंच होतं. ज्यांनी अजून अपग्रेड केलं नाही त्यांनी एवढं करा, आधी आपल्या सर्व्हरच्या डिस्कचा हा आकडा बघून घ्या.

सर्व्हर चालू झाला तरी काउंटरवाले पीसी जोडेनात. हे सोपं निघालं, अपग्रेडनंतर सर्व्हरचं नेटवर्क पब्लिक, म्हणजे अनोळखी, झालं होतं, फायरवॉलचे आमचे नियम प्रायव्हेटसाठी केलेले. प्रायव्हेट केलं, एसक्यूएलचा पोर्ट टीसीपी १४३३ आणि एसक्यूएल ब्राउझरचा यूडीपी १४३४ उघडा आहे ना ते पाहिलं, दहा मिनिटांत काम. डॉट मॅट्रिक्सच्या कागदाचा साइझ गेला होता तो परत बनवला.

नवीन पीसीवर डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली, घेईना. लायसन्सच्या डोंगलचा ड्रायव्हर जुना, आणि नवीन विंडोज टाकलेल्या मशीनवर मेमरी इंटिग्रिटी चालू असते, ती असले जुने ड्रायव्हर लोडच होऊ देत नाही. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटीच्या आत कोअर आयसोलेशनमध्ये गेलं की कोणता ड्रायव्हर अडतो ते नावासकट दिसतं. सपोर्टकडे नवीन ड्रायव्हर मागितला, "येणार आहे सर". तोपर्यंत त्या एका पीसीवर मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवलीय, मनाला पटत नाही, म्हणून त्यावर इंटरनेट पण ठेवलं नाहीये.

आता त्या हाताच्या पावत्या. तीन दिवसांच्या पावत्या बुधवारी एकदम चढवल्या, आणि सॉफ्टवेअर पावतीची तारीख आपोआप आजची धरतं, आम्ही कोणी बदलली नाही. ज्यांनी मुदतीत चेक दिला होता त्यांना नोव्हेंबरच्या बिलात व्याज लागून गेलं. एका आजींना ६३ रुपये. आजी काठी टेकत जिना चढून आल्या, हातावर कार्बन कॉपी ठेवली, "तारीख वाच रे बाळा." माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. एकोणचाळीस बिलं परत काढली. यात विंडोजचा काही संबंध नाही, चूक पूर्ण आमची, पण सिस्टीम बंद पडली की अशी कामं होतातच, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घाबरवणारी गोष्ट मात्र डिसेंबरमध्ये कळली. रोज रात्री बॅकअप निघून माळ्यावरच्या छोट्या नॅस बॉक्समध्ये (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) कॉपी होतो. स्क्रीनवर रोज हिरव्या रंगात 'बॅकअप सक्सेसफुल'. ९ डिसेंबरला एका सोसायटीचं जुनं काहीतरी हवं होतं म्हणून नॅस उघडायला गेलो तर उघडेना, बॉक्सच्या स्वतःच्या पानावरून आत गेलो तर शेवटची फाइल २४ ऑक्टोबरची! पंचेचाळीस दिवस ऑफिसात डेटाची दुसरी प्रत नाही, सगळं त्या एका एसएसडीवर, जिचे प्रताप वर वाचलेच तुम्ही. कारण असं की नॅसवर पासवर्डशिवाय, गेस्ट म्हणून फाइल जायच्या, आणि विंडोज ११ प्रो च्या २४एच२ व्हर्जनमध्ये गेस्टने आत शिरणं बाय डिफॉल्ट बंद आहे, वर एसएमबी साइनिंग (नेटवर्कवरून जाणाऱ्या फाइलींवरची डिजिटल सही) सक्तीचं. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत, त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार सॉफ्टवेअरवर आहे, ते सी ड्राइव्हवर फाइल बनली की हिरवं दाखवतं, पुढची कॉपी झाली का नाही ते बघतच नाही. सपोर्टचं म्हणणं, गेस्ट परत चालू करा. नाही केलं. अकराशेच्या वर मेंबरांचे फोन नंबर, थकबाकी आहे त्यात. नॅसवर वेगळा यूजर बनवला, पासवर्ड दिला, बॉक्समध्ये साइनिंगचा पर्याय होता तो चालू केला, तेव्हापासून जातंय. आणि दर सोमवारी ताई नॅसवरच्या शेवटच्या फाइलची तारीख वहीत लिहून सही करतात, हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवत नाही आम्ही आता.

जानेवारीपासून मात्र तक्रार नाही. मार्च एंडिंग अकराच्या अकरा सोसायट्यांचं बिनबोभाट गेलं, रिपोर्ट आधीपेक्षा लवकर उघडतात असं ताई म्हणतात, मला तेवढा फरक जाणवत नाही. महिन्याचा मोठा अपडेट अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी येतो, मी तो सर्व्हरवर आठवडाभर पॉझ करतो, आधी एका काउंटरवर जाऊ देतो. सॉफ्टवेअरला पाचपैकी तीन, सपोर्टला दीड, तो दीडसुद्धा त्या मुलाच्या गोड बोलण्याला. डोंगलचा ड्रायव्हर अजून "येणार आहे सर" वरच अडकलाय, आला की खाली टाकतो.