मेट्रो एक्सोडस: काही महिने खेळून झाल्यावरचा अनुभव

मेट्रो एक्सोडस तसा जुना गेम, २०१९ च्या फेब्रुवारीत आलेला, पण मी उन्हाळ्याच्या सेलमध्ये घेतला आणि तेव्हापासून दुसरं काही धड खेळलोच नाहीये. आधी नॉर्मलवर पूर्ण केला, मग परत पहिल्यापासून रेंजर हार्डकोर या सगळ्यात कठीण लेव्हलवर, मधे दोन्ही डीएलसी (वेगळे घ्यायचे जादा भाग) पण झाले, त्यामुळे आता निवांत लिहितो.

स्टोरी थोडक्यात सांगतो, स्पॉयलर देणार नाही. २०१३ साली अणुयुद्ध झालंय, मॉस्कोत वाचलेली माणसं मेट्रोच्या बोगद्यांत वीसेक वर्षं काढतायत आणि सगळ्यांना वाटतं की बाहेर जगात कुणीच उरलं नाही. आपल्या आर्त्योमला, म्हणजे ज्याच्या भूमिकेत आपण खेळतो त्याला, मात्र वाटतं की असणार कुणीतरी. मग तो, त्याची बायको अ‍ॅना, सासरा कर्नल मिलर आणि बाकीची टीम ऑरोरा नावाचं वाफेचं इंजिन घेऊन पूर्वेकडे निघतात. आधीचे दोन भाग (२०१० आणि २०१३ चे) नाही खेळले तरी काही अडत नाही, पण खेळले असतील तर मिलर असा तिरसट का वागतो ते जास्त कळतं.

आता मुद्द्याचं. हॉरर शूटर म्हटलं की आपल्याला वाटतं अचानक काहीतरी अंगावर येणार आणि आपण गोळ्या झाडणार. इथे तेही आहे, पण मला खरी भीती वाटली ती सामान संपत आल्याची. गॅस मास्क घातला की स्वतःचा श्वास ऐकू येतो, काच धुकट होते, वर चिखल-रक्त उडालं की हाताने पुसायचं बटण वेगळं, आणि मार बसून काचेला तडा गेला की पट्टी चिकटवायची. मनगटावरच्या घड्याळात फिल्टर किती वेळ पुरेल ते दिसत राहतं. बंदूक चिखलात वापरली की घाण होते आणि घाण झाली की ऐन वेळी अडकते, म्हणून वर्कबेंच (दुरुस्तीचं टेबल) दिसलं की आधी साफ करून घ्यायची. सामान बनवायला भंगार आणि केमिकल एवढंच, त्यातूनच औषध, त्यातूनच फिल्टर, त्यातूनच गोळ्या, आणि नेहमीच्या बंदुकीच्या गोळ्या तर फक्त वर्कबेंचवरच बनतात. त्यामुळे मी तिखार सोडलीच नाही. ही हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, छर्रे बॅगेतल्या सामानातून कुठेही बसून बनवता येतात, आवाज जवळपास नाही, फक्त मधे मधे पंप मारत राहायचा. हार्डकोरवर तर माझा सगळा भार तिच्यावरच होता.

कॅस्पियनच्या चॅप्टरमधला बंकर वेगळा सांगायलाच हवा. समुद्र आटून वाळवंट झालंय, बाहेर टळटळीत ऊन, आणि खाली उतरलं की मिट्ट काळोख. आत विंचू आणि कोळी यांच्या मधलं काहीतरी आहे, ढीगभर. त्यांना उजेड सहन होत नाही, टॉर्च मारला की मागे सरकतात, पण टॉर्चची बॅटरी उतरत जाते आणि हाताने दाबायचा चार्जर बाहेर काढला की तेवढा वेळ बंदूक हातात नाही. मग लायटर पेटवायचा, जाळी जाळत एकेक पाऊल पुढे जायचं, आणि हेडफोनमध्ये पायांची खरखर आधी छतातून येते, मग उजवीकडून, मग बरोब्बर मागून. रात्री दिवे बंद करून हा भाग खेळलो आणि बाहेर उन्हात आल्यावर जे काही बरं वाटलं ते शब्दात नाही सांगता येत, एवढं साउंडचं काम दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी तरी ऐकलं नाहीये. हेडफोनशिवाय खेळू नका, प्लीज.

दुसरं म्हणजे माणसं. व्होल्गाच्या चर्चमधले लोक विजेला पाप मानतात, एका अवाढव्य माशाला देव मानतात, पण त्यातले बरेचसे बिचारे घाबरलेले आहेत. हात वर केलेल्याला मारायचं की सोडायचं हे गेम कुठेही स्कोअर दाखवून सांगत नाही पण लक्षात ठेवतो, आणि त्यावर टीममधले ड्यूक, दामिर, आल्योशा शेवटपर्यंत तुमच्या सोबत राहतात की नाही ते ठरतं, आणि त्यावर एंडिंग. म्हणून दिसेल त्याला उडवत सुटू नका, रात्री जा (पलंगावर झोपून वेळ बदलता येते), दिवे विझवा, मागून जाऊन बेशुद्ध करा. आणि दोन चॅप्टरच्या मधे गाडीत असताना घाई अजिबात करू नका!! टीममधला स्तेपान गिटार वाजवत बसलेला असतो, अ‍ॅना बोलत असते, रेडिओ लागलेला असतो, एक लग्नसुद्धा लागतं. काही जण हा भाग स्किप करतात, मला ते पटतच नाही, कारण पुढे कुणाचं काही बरंवाईट झालं तर जीव तुटतो तो इथे घालवलेल्या वेळामुळेच.

न आवडलेलं पण सांगतो. इंग्लिश आवाज मला ओढूनताणून वाटले, रशियन ऑडिओ लावा आणि सबटायटल ठेवा, अर्थात तीनचार जण एकदम बोलायला लागले की वाचताना तारांबळ होते. क्विकसेव्हला एकच जागा, त्यामुळे भलत्या ठिकाणी सेव्ह केलं तर मागे जायची पंचाईत. साध्या हार्डडिस्कवर लोडिंग जाम वेळ खातं. आणि २०२१ ची एनहान्स्ड एडिशन रे ट्रेसिंगवालं (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) ग्राफिक्स कार्ड नसेल तर चालतच नाही, साधी एडिशन लावा, तीही दिसायला सुंदर आहे, तैगाचं जंगल बघत मी नुसता उभा राहायचो.

एक गोष्ट नंतर वाचली आणि डोक्यातून जात नाही. हा गेम करणारा फोरए स्टुडिओ मूळचा युक्रेनमधल्या कीव्हचा, आणि ज्या रशियन लेखकाच्या कादंबरीवरून ही मालिका सुरू झाली त्याला युक्रेन युद्धाविरुद्ध बोलला म्हणून २०२३ मध्ये मॉस्कोच्या कोर्टाने गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या वेळी खेळताना पडकी शहरं, अंधारात बसलेली कुटुंबं हे सगळं मला फार वेगळं दिसलं.

डीएलसीचं म्हणाल तर 'टू कर्नल्स' छोटा आहे, सरळ रेषेत जातो, पण मेन स्टोरी संपल्यावरच खेळा, नाहीतर मेन स्टोरीतला नोवोसिबिर्स्क शहराचा भाग आधीच कळून जाईल. 'सॅम्स स्टोरी' व्लादिवोस्तोकमध्ये आहे, मोकळा नकाशा, भरपूर भटकंती, दोन्हीपैकी एकच घ्यायचा असेल तर मी हाच घ्यायला सांगेन.