माध्यम कायद्याच्या तयार नोट्स: दिसायला सुबक, मजकूर शिळा

पत्रकारितेच्या प्रकल्पासाठी ‘माध्यमे, इंटरनेट आणि सरकारी नियंत्रण’ या विषयाच्या तयार नोट्स ऑनलाइन विकत घेतल्या. मांडणी देखणी, पण मजकूर जुनाट. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं) चक्क ‘लागू’ म्हणून दिलंय! सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्येच श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. वर्तमानपत्रांच्या नोंदणीलाही अजून १८६७ चाच कायदा. २०२३ च्या नव्या कायद्याचा पत्ताच नाही. हे असंच उतरवून तोंडी परीक्षेला गेलात तर बिनपाण्याने होणार.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ७९ चं प्रकरण मात्र झकास. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्मला कधी जबाबदार धरायचं, हे एका तक्रारीचा प्रवास दाखवून समजावलंय. २०२१ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत पोच, सर्वसाधारण तक्रारीचा निकाल ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवस होती). आणि न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश येऊनही मजकूर तसाच ठेवला, की कायद्याचं संरक्षण गेलं. हा भाग मी जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला.

सिनेमा सेन्सॉरवर दीड पान आहे, नसतं तरी चाललं असतं. संकेतस्थळं बंद करण्याच्या ६९अ वर मात्र जेमतेम दोन ओळी. विक्रेत्याला चुका कळवल्या, तर ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणे! दोन तारे, तेही ७९ मुळे.